वाचक विचारतात : घरच्या मीटरवर मोठं वेल्डिंग मशीन

या वेळच्या पत्रांत एकच धागा वारंवार आला : मशीन मोठं, मीटर घरचा. सारख्या पत्रांचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज पुरवठ्याचे आहेत. वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या) ठळक ४०० लिहिलंय. घरचा मेन एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप उडणारा स्विच) ३२ अँपिअरचा आहे. चालेल का?

४०० हा आकडा होल्डरमधून (रॉड धरायच्या चिमट्यातून) वाहणाऱ्या करंटचा आहे आणि तिथे व्होल्टेज अगदी कमी असतं. भिंतीतून किती करंट ओढला जातो ते वेगळं काढावं लागतं, आणि तो हिशेब सोपा आहे.

रॉड वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात. म्हणजे १०० अँपिअरला २४ व्होल्ट, २०० ला २८, ४०० ला ३६. करंट गुणिले व्होल्टेज केलं की आर्कमधली पॉवर मिळते : १०० अँपिअरला २.४ किलोवॅट, २०० ला ५.६. साध्या इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८२ टक्क्यांच्या आसपास आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या व्होल्ट-अँपिअरपैकी खरोखर कामी येणारा भाग) ०.७ धरला, तर भिंतीतून १०० अँपिअरच्या सेटिंगला सुमारे १८ अँपिअर, १३० ला २५, १६० ला ३२ आणि २०० ला ४२ अँपिअर जातात. मशीनमध्ये पॉवर फॅक्टर करेक्शन असेल, तर २०० च्या सेटिंगलाही २९–३० वर भागतं. मोठं मशीन घरच्या पुरवठ्यावर वापरायचं असेल तर जास्तीचा पैसा याच एका सोयीवर घालावा, असं आमचं मत आहे.

आता ४०० बघा. १४.४ किलोवॅटचा आर्क, म्हणजे भिंतीतून १०० हून जास्त अँपिअर. मशीनच्या मागून अडीच स्क्वेअर एमएमची वायर निघत असेल, तर ते मशीन ४०० अँपिअर देत नाही हे न चालवताही कळतं. खोक्यावरचा आकडा सोडा, मागची नेमप्लेट वाचा. तिच्यावर दोन इनपुट करंट असतात : आय-वन मॅक्स म्हणजे आर्क चालू असताना ओढला जाणारा जास्तीत जास्त करंट, आणि आय-वन इफेक्टिव्ह म्हणजे ड्यूटी सायकल धरून केबल तापवणारा परिणामी करंट. दुसरा पहिल्यावरून निघतो : मॅक्स गुणिले ड्यूटी सायकलचं वर्गमूळ. ४२ अँपिअर मॅक्स आणि ३० टक्के ड्यूटी सायकल असेल तर इफेक्टिव्ह २३ अँपिअर. ड्यूटी सायकल दहा मिनिटांची धरतात. ३० टक्के म्हणजे तीन मिनिटं आर्क, सात मिनिटं विश्रांती.

केबल किती तापेल ते इफेक्टिव्हवरून ठरतं. व्होल्टेज किती पडेल आणि एमसीबी मध्येच उडेल का, ते मॅक्सवरून. नेमप्लेटवर हे दोन्ही आकडे नसतील तर मशीन घेऊच नका.

तुमच्यापुरतं उत्तर : घरातलं इतर ओझं बाजूला ठेवलं, गीझर आणि एसी बंद ठेवले, तर ३२ च्या मेनवर १३० अँपिअरपर्यंत निवांत काम होतं. ३.१५ एमएमच्या रॉडला १०० ते १३० अँपिअरच लागतात. कडांना व्ही पाडून दोन-तीन थर भरले तर ८–१० एमएमची पट्टीही याच रॉडने जोडता येते. ४ एमएमच्या रॉडला १४० ते १८० लागतात, तिथे ३२ चा मेन अडखळतो. मशीनची क्षमता मोठी असणं मात्र वाया जात नाही. मोठं मशीन १२० वर चालवलं की ते थंड राहतं आणि विश्रांतीची वेळ कमी लागते.

मेनच्या पलीकडे मंजूर भारही बघा. तो ३ किलोवॅटचा असेल तर एमसीबी उडाला नाही तरी मीटर आणि सर्व्हिस वायरवर ताण येतो. भार वाढवून घेण्याचा अर्ज आधी, मशीन नंतर.

प्रश्न : एमसीबी सारखा उडतो. मोठा टाकू का?

आधी कधी उडतो ते बघा. कारण तिथेच सापडतं.

मशीन चालू करताक्षणी, रॉड लावायच्या आधीच उडत असेल तर तो इनरश करंट. इन्व्हर्टरमध्ये आतले कॅपॅसिटर रिकामे असतात, ते भरताना झटका बसतो. ट्रान्सफॉर्मर सेटमध्ये लोखंडी कोअर क्षणभर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि नेहमीच्या करंटच्या दहा-पंधरा पट करंट एखाद्या अर्ध्या सायकलपुरता जातो. स्विच सायकलच्या कोणत्या क्षणी दाबला यावर ते अवलंबून असतं, म्हणून तोच सेट कधी पहिल्या खेपेला लागतो, कधी चौथ्या. इथे अँपिअर वाढवून उपयोग नाही, कर्व्ह बदलायचा. बी कर्व्हचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला तत्क्षणी उडतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. बी असेल तर तेवढ्याच अँपिअरचा सी लावा. बहुतेक इन्व्हर्टर तिथे शांत होतात.

डी लावण्याआधी थांबा. ३२ अँपिअरचा डी एमसीबी शॉर्ट झाल्यावर लगेच सुटायला ६४० अँपिअर लागू शकतात, म्हणजे फेजपासून अर्थपर्यंतच्या पूर्ण लूपचा रोध ०.३६ ओहमच्या आत हवा. लांब सर्व्हिस वायर आणि जुनं अर्थिंग असलेल्या घरात तो बहुधा मिळत नाही. मग बॉडीला फेज लागला तरी एमसीबी तसाच बसून राहतो. सी ला हाच आकडा ०.७२ ओहम आहे. लूपचा रोध मोजल्याशिवाय इलेक्ट्रिशियनला डी बसवू देऊ नका.

जुन्या ट्रान्सफॉर्मर सेटला दुसरा उपाय सॉफ्ट स्टार्टचा. प्रायमरीच्या (पुरवठ्याकडच्या कॉइलच्या) सीरिजमध्ये १० ओहम, १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणि अर्ध्या सेकंदाने त्याला बायपास करणारा टायमर व काँटॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच). झटका कितीही आला तरी ३२ अँपिअरच्या शिखराला अडतो. फक्त चालू करताना होल्डर जॉबला टेकलेला नको, नाहीतर तो अर्धा सेकंद रेझिस्टरला भारी पडतो.

रॉड टेकवताना किंवा चिकटल्यावर उडत असेल तर शॉर्टसर्किटचा करंट बघा. ट्रान्सफॉर्मर सेटमध्ये तो सेटिंगच्या दीडपटीपर्यंत जातो. रॉड कोरडा नसणं, करंट फार कमी ठेवणं, केबल बारीक असणं ही चिकटण्याची नेहमीची कारणं.

आणि तीन-चार मिनिटं व्यवस्थित चालून उडत असेल तर एमसीबीतली पट्टी तापून सुटते आहे, म्हणजे खरोखर ओव्हरलोड आहे. ४२ अँपिअर म्हणजे ३२ च्या एमसीबीला १.३ पट, तो हे बराच वेळ सोसतो. २५ च्या एमसीबीला ते १.७ पट होतं, तो काही मिनिटांत सुटणारच. मोठा एमसीबी टाकायचा तर मागची केबलही मोठी हवी. केबल तीच ठेवून एमसीबी वाढवला की पुढचा फ्यूज ती केबलच होते, आणि तीही भिंतीच्या आत.

प्रश्न : वडिलांच्या वेळचा तांब्याचा २०० अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर सेट आहे. रॉड लावला की घरातले दिवे पिवळे पडतात. इन्व्हर्टर घ्यावा की याला कॅपॅसिटर लावावा?

तांब्याच्या सेटशी भांडण नाही, टिकायला तो उत्तमच. पण त्याचा इनपुट करंट आर्कच्या पॉवरवरून ठरत नाही, वेढ्यांच्या गुणोत्तरावरून ठरतो. ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क नसताना होल्डरवर असणारं व्होल्टेज) ७० धरलं तर २०० गुणिले ७० भागिले २३०, म्हणजे ६१ अँपिअर. त्यातली खरी पॉवर सातेक किलोवॅट, भार मात्र १४ केव्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत). पॉवर फॅक्टर निम्मा! दिवे पिवळे पडतात ते यामुळे. घरगुती मीटर किलोवॅट-तास मोजत असेल तर बिलात हे दिसत नाही, केबलला आणि दिव्यांना मात्र दिसतं.

कॅपॅसिटर इथे खरंच काम करतो, कारण करंट फक्त व्होल्टेजच्या मागे पडलेला आहे. ५ केव्हीएआरचा, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ३०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर प्रायमरीला पॅरलल लावला तर ६१ चे ४३ अँपिअर होतात. अटी तीन. कॅपॅसिटर एसी रनचा, पॉलिप्रोपिलीनचा, ४४० व्होल्टचा हवा. मोटर स्टार्टचा काळा कॅपॅसिटर सतत चालू ठेवला तर फुगून फुटतो. त्याच्या दोन टोकांना ३३ किलोओहम, ५ वॅटचा डिस्चार्ज रेझिस्टर हवाच, नाहीतर प्लग काढल्यावर पिनांवर शिखराचं ३२५ व्होल्ट रेंगाळू शकतं. आणि तो सेटबरोबरच चालू-बंद होईल असा कॅपॅसिटर-ड्यूटी काँटॅक्टरवर घ्या. नुसता लावून ठेवला तर सेट रिकामा असतानाही सुमारे २२ अँपिअर लीडिंग (व्होल्टेजच्या पुढे धावणारा) करंट वाहत राहतो.

इन्व्हर्टरला मात्र हा कॅपॅसिटर कधीही लावू नका. तिथे पॉवर फॅक्टर खराब असतो तो करंटचा आकार टोकदार झाल्यामुळे, मागे पडल्यामुळे नाही. कॅपॅसिटरने तो सुधारत नाही, उलट कॅपॅसिटरच तापतो.

निवड विचाराल तर घरच्या मीटरवर इन्व्हर्टर. तेवढ्याच वेल्डला ६१ च्या जागी ४२, आणि पॉवर फॅक्टर करेक्शन असेल तर ३० अँपिअर.

प्रश्न : ४१५ व्होल्टचा टू फेज सेट स्वस्तात मिळतोय. घरी सिंगल फेज आहे.

नको. ४१५ च्या टॅपवर २३० दिले की ओपन सर्किट व्होल्टेज ७० वरून ३९ वर येतं. ठिणगी पडेल, आर्क टिकणार नाही, रॉड चिकटत राहील. सेटवर २३० चा वेगळा टॅप असेल तरच विचार करा, आणि तेव्हाही वरचा ६१ अँपिअरचा हिशेब लक्षात ठेवा.

थ्री फेज इन्व्हर्टर मशीनचंही तेच. त्याच्या आतला डीसी बस (एसीपासून बनवलेला आतला डीसी पुरवठा) साधारण ५६० व्होल्टच्या हिशेबाने बांधलेला असतो, सिंगल फेजवर तो ३२५ पर्यंतच जातो आणि मशीन फेज फेलचा दिवा लावून गप्प बसतं. मोटरसाठीचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) मध्ये घालून थ्री फेज ‘तयार’ करण्याचा सल्ला काही जण देतात. व्हीएफडीचं आउटपुट तुकड्यातुकड्यांचं असतं, मोटरची कॉइल ते सहन करते, रेक्टिफायर आणि कॅपॅसिटर करत नाहीत. शिवाय कोणताही कन्व्हर्टर पॉवर निर्माण करत नाही. जितके किलोवॅट मशीनला लागतात ते त्याच एका फेजमधून, वर कन्व्हर्टरचा तोटा धरून, यायचे असतात.

प्रश्न : मीटर बोर्डापासून शेड २५ मीटर आहे. कोणती केबल? एक्स्टेंशन बोर्डवर चालेल का?

बोर्डापासून मशीनसाठी स्वतंत्र लाइन घ्या, तिच्यावर दुसरं काही नको. ३२ अँपिअर आणि २५ मीटरला तांब्याच्या अडीच स्क्वेअर एमएमवर १४ व्होल्ट पडतात, ६ वर ६ व्होल्ट, १० वर साडेतीन. आम्ही ६ ला किमान मानतो. भिंतीतल्या पाइपमधून, इतर वायरींसोबत किंवा उन्हात तापणाऱ्या पत्र्याखालून जात असेल तर १० घ्या. अॅल्युमिनियम केबल असेल तर एक आकार वर जा आणि टोकांना बायमेटल लग (अॅल्युमिनियम-तांब्याचं जोडटोक) क्रिंप करा. अॅल्युमिनियम नुसतं स्क्रूखाली दाबलं की काही महिन्यांत ते पसरतं, स्क्रू सैल होतो.

सैल जोडाचं गणित एकदा डोळ्यांखालून घाला. जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम झाला तर ४० अँपिअरला तिथे ८० वॅट उष्णता तयार होते, आणि तीही नखाएवढ्या जागेत. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटची हीच गत होते. आतल्या पितळी पट्ट्यांचा ताण जातो, पिन निळसर-तपकिरी पडते, प्लॅस्टिक पिवळं होतं, मग माशासारखा वास येतो. वास आला म्हणजे सॉकेट बदलायचं, घासून परत लावायचं नाही. सेटिंग १०० च्या वर जाणार असेल तर ३२ अँपिअरचा निळा औद्योगिक प्लग-सॉकेट बसवा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं काम केल्यावर पुरवठा बंद करून सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा.

एक्स्टेंशन लागलीच तर ४ स्क्वेअर एमएमची, तीन कोअरची, आणि पूर्ण उलगडून. रीळवर गुंडाळलेली केबल उष्णता सोडू शकत नाही, वरचे वेढे गार आणि मधले वितळलेले अशी सापडते. अंतर वाढवायचंच असेल तर मशीन बोर्डाजवळ ठेवून वेल्डिंग केबल लांबवणं हाही पर्याय आहे. १५०–१६० अँपिअरपर्यंत ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची दहा मीटर केबल त्रास देत नाही.

प्रश्न : मशीन लागतं, पण आर्क मरतो आणि लो व्होल्टेजचा दिवा लागतो.

लाइन कमकुवत आहे का, हे मशीनशिवाय तपासता येतं. शेडमधल्या सॉकेटवर मल्टीमीटर लावा, रिकामं व्होल्टेज लिहून ठेवा. मग तिथेच २ किलोवॅटचा हीटर लावून पुन्हा बघा. हीटर ८.७ अँपिअर घेतो. २३२ चे २२८ झाले तर ४ भागिले ८.७, म्हणजे ०.४६ ओहम. ३२ अँपिअरला हीच लाइन १५ व्होल्ट खाईल, ते चालतं. पण २३२ चे २२२ झाले तर ३२ अँपिअरला ३७ व्होल्ट जातील आणि मशीन १९५ वर उरेल.

आता हीच चाचणी मीटर बोर्डावर करा. तिथे फरक कमी आला तर दोष तुमच्या केबलमध्ये, जोडात किंवा सॉकेटमध्ये. तिथेही तेवढाच आला तर सर्व्हिस वायर किंवा खांबावरचा जोड. घरातली केबल कितीही जाड केली तरी तो जाणार नाही, वीज कंपनीकडे तक्रार द्या आणि हे आकडे सोबत जोडा.

इन्व्हर्टर लो व्होल्टेजला आणखी बिघडवतो. त्याला पॉवर ठरावीक हवी असते, म्हणून व्होल्टेज २३० वरून १९० वर आलं की तो २१ टक्के जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी पडतं. स्टॅबिलायझर लावणारे इथेच फसतात. तो आउटपुट वर उचलतो खरा, पण लाइनमधून त्या प्रमाणात जास्त करंट घेऊनच. पुष्कळदा सेटिंग १३० वरून ११० वर आणणं पुरतं. काम पातळ पत्र्याचं असेल तर प्रक्रियाच बदलून बघा : १२० अँपिअरला रॉड भिंतीतून २२–२३ अँपिअर घेतो, मिग (वायर वेल्डिंग) १८, टिग (टंगस्टन टोकाचं गॅस वेल्डिंग) साडेतेरा. आर्कचं व्होल्टेज कमी, म्हणून पॉवर कमी.

घरी थ्री फेज जोडणी असून मशीन एका फेजवर असेल, तर मेनमधला न्यूट्रलचा स्क्रू जातीने तपासा. तो मशीनच्या करंटने तापून सुटला तर बाकीच्या दोन फेजवरचं व्होल्टेज ३०० च्या पुढे जाऊ शकतं. त्यात फ्रिज-टीव्ही जळतात, आणि मशीनला ओरखडाही येत नाही.

प्रश्न : आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच) उडतो म्हणून मशीनची अर्थ वायर काढून टाकली, आता छान चालतंय. काही हरकत?

आजच परत जोडा. इन्व्हर्टरच्या इनपुटला फिल्टर कॅपॅसिटर असतात, ते थोडा करंट अर्थमध्ये सोडतात. त्याच लाइनवर आणखी दोन-चार इलेक्ट्रॉनिक उपकरणं असली की बेरीज ३० मिलिअँपिअरजवळ, म्हणजे आरसीसीबी उडण्याच्या हद्दीजवळ पोचते. अर्थ काढल्यावर तोच करंट बॉडीवर वाट बघत राहतो, तुमच्या हातातून जायला. मशीनच्या स्वतंत्र लाइनला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, बहुतेक वेळा प्रश्न संपतो. तरीही उडत असेल तर मशीनच्या आत लोखंडाची धूळ किंवा ओल आहे का बघा. ग्राइंडरच्या ठिणग्या पंख्यातून आत ओढल्या जातात आणि बोर्डावर काळा थर धरतात. मशीन बंद करून दहा मिनिटांनी, कोरड्या हवेने झटका.

जॉबचा क्लँपही तपासा. तो गंजावर किंवा रंगावर लावला आणि टेबल घराच्या अर्थिंगला जोडलेलं असेल, तर वेल्डिंगचा शंभर-दीडशे अँपिअर करंट परतीची वाट घराच्या अर्थ वायरमधून शोधतो. टेबलावर ठेवलेल्या ड्रिल मशीनच्या केबलमधली हिरवी वायर अशीच जळते. क्लँप वेल्डच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा.

प्रश्न : जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा?

मशीन जेवढे केव्हीए ओढतं त्याच्या किमान दीडपट, जनरेटरच्या सततच्या रेटिंगवर मोजून. १३० अँपिअरला साधा इन्व्हर्टर ५.७ केव्हीए घेतो, म्हणजे साडेआठ–नऊचा जनरेटर. खोक्यावरचा पीक आकडा धरू नका. एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) असलेलाच घ्या, कारण आर्क तुटला की भार एकदम जातो आणि व्होल्टेज उसळी मारतं. जनरेटर आधी सुरू करून एक-दोन मिनिटं स्थिर होऊ द्या, मग मशीन लावा. बंद करताना उलट : आर्क थांबवा, पंख्याला मशीन गार करू द्या, मशीन बंद, मग जनरेटर. टाकी तळाला जाईपर्यंत वेल्डिंग करू नका. इंधन संपताना इंजिन गचके देतं, व्होल्टेज खालीवर होतं, आणि इन्व्हर्टरचे आयजीबीटी (आतले पॉवर ट्रान्झिस्टर) अशा वेळीच जातात.